पालक गटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला डोंगराच्या बाजूच्या आमच्या वस्तीत बालवाडीच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी पालक गट बसतो, पोरांना न मारता, न घाबरवता कसं वाढवायचं हे एकमेकींकडून शिकायला. नळावर, रेशनच्या लाईनीत, शाळेच्या गेटवर लोक आम्हाला जे विचारतात ते सगळं इथे लिहून काढलंय, कारण गोवंडी-मालवणीकडच्या ओळखीच्या बायका पण फोन करून हेच विचारतात. काही उत्तरं लांब झालीत, कारण तो विषय दोन ओळीत सांगून भागत नाही.

गटात नेमकं होतं काय? लेक्चर असतं का?

नाही. दहा-पंधरा जणी चटईवर गोल करून बसतात, कधी बाप असतात, कधी आज्या असतात, आणि एक ताई बैठक चालवते, ती पण याच भागातली, फक्त ट्रेनिंग घेतलेली. एक विषय घ्यायचा, समजा सकाळी शाळेला निघताना होणारी रडारड. जिच्या घरी हे रोज चाललंय ती सांगते, मग दोघी उठून ते करून दाखवतात, एक आई होते आणि एक पोरगं होते, आणि मग तोच प्रसंग दुसऱ्या पद्धतीने करून बघतात. मुलाच्या जागी उभं राहून वरून कोणीतरी ओरडताना ऐकलं की मोठ्या माणसाला पण पोटात गोळा येतो, हे तिथे प्रत्यक्ष कळतं. घरी जाऊन आठवडाभर एकच गोष्ट करून बघायची आणि पुढच्या शनिवारी येऊन जमली की फसली ते सांगायचं. फसली असेल तर आम्ही त्याच्यावर जास्त वेळ देतो.

फी किती?

काही नाही. फॉर्म, आधार कार्ड, कसलंच काही लागत नाही.

आम्ही काय वाईट आईबाप आहोत का, आम्हाला कशाला बोलवता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दुखावल्यासारखं असतं, म्हणून नीट सांगते.

गट सगळ्यांसाठी आहे. एखाद्या घरात काहीतरी भयंकर घडल्यावर त्या घराला बोलवायचं, असा हा प्रकारच नाही. उलट फक्त "त्या" घरांना बोलवलं तर कोणीच येणार नाही, कारण जो दारातून आत येईल त्याच्याकडे लोक बोट दाखवतील. म्हणून पहिल्या बाळाची आई पण असते, कॉलेजला जाणाऱ्या पोराचा बाप पण असतो, आणि जिचं सगळं छान चाललंय ती पण असते, तिची तर जास्त गरज असते कारण तिने काय केलं ते बाकीच्यांना ऐकायचं असतं.

आणि दुसरं असं की मुलावर हात बहुतेक वेळा माणूस दुष्ट आहे म्हणून उठत नाही. पहाटे पाण्याला उठायचं, डबे करायचे, लोकल पकडायची, चार घरची धुणीभांडी करायची, परत येऊन चूल, सासऱ्यांचं औषध, आणि रात्री नऊ वाजता पोराने दूध सांडलं. फटका त्या दुधासाठी नसतो हो, तो अख्ख्या दिवसाचा असतो आणि तो सगळ्यात लहान माणसाला बसतो. अशा वेळी त्या बाईला "मारू नको" सांगून काय होणार? तिला कोणीतरी म्हणायला हवं की अर्धा तास पोराला माझ्याकडे दे. एकटं पडलेलं घर हेच धोक्याचं घर असतं, हे आम्ही इतक्या घरांत बघितलंय की आता पहिल्या बैठकीत विषयाच्या आधी एकच काम करतो, प्रत्येकीला बाजूला बसलेल्या दोघींचे फोन नंबर घ्यायला लावतो.

अमेरिकेत सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल पॉलिसी नावाची संस्था आहे, त्यांनी कुटुंबाला सांभाळून धरणाऱ्या पाच गोष्टी मांडल्यात: आईबापाची ताण सहन करायची ताकद, आजूबाजूला आपली माणसं, मूल कसं वाढतं याची माहिती, अडीनडीला खरोखरची मदत, आणि मुलाला स्वतःच्या भावना ओळखता-सांगता येणं. बघा, पाचातली फक्त एक "माहिती" आहे. म्हणून नुसतं लेक्चर देऊन भागत नाही.

एखादी चापट मारली तर काय बिघडलं? आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो.

खरंय, आपल्यापैकी बहुतेक जण मार खाऊनच मोठे झाले. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर ३ मुलांमागे २ मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. म्हणजे हे कुठल्या एका वस्तीचं किंवा जातीचं नाही.

पण आठवून बघा, मार खाल्ल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं होतं? आम्ही हे गटात विचारतो. "माझं चुकलं" असं फार थोडे सांगतात. "पुढच्या वेळी सापडायचं नाही" हे खूप जण सांगतात, आणि बरेच जण "त्यांना मी आवडत नव्हतो" असं म्हणून गप्प होतात, चाळिशीतली माणसं सुद्धा. मार बसला की मूल त्या क्षणी थांबतं हे खरं, म्हणून तर आपल्याला वाटतं की उपयोग झाला, पण ते भीतीने थांबतं, काय करायचं हे त्याला कळलेलं नसतं, म्हणून दोन दिवसांनी तेच परत करतं आणि मग आपला हात आधीपेक्षा जोरात पडतो. मग पट्टी, मग लाटणं, मग बेल्ट. एका दिवसात कोणी बेल्टपर्यंत जात नाही, हळूहळू जातो, आणि आमचं म्हणणं एवढंच की पहिल्या पायरीवरच दुसरा रस्ता माहीत असावा.

शाळेत तर मारायला कायद्याने बंदीच आहे, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, त्यात मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही आलं. त्यामुळे "सर, तुम्हीच दोन ठेवून द्या" असं शाळेत जाऊन कृपया सांगू नका. घरात सुद्धा मुलाला सांभाळणाऱ्यानेच त्याला क्रूरपणे वागवलं, मारहाण केली, टाकून दिलं, जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा होतो.

मग मारायचं नाही तर करायचं काय? पोरं डोक्यावर बसतील ना.

लाडावून ठेवा असं कोणी म्हणत नाहीये. नियम हवेतच. थोडे हवेत, आधी सांगितलेले हवेत आणि रोज तेच हवेत. आज मोबाईल दिला म्हणून हसलो आणि उद्या त्याच मोबाईलसाठी मारलं तर मुलाने समजायचं काय.

जगभरातल्या बऱ्याच पालक कार्यक्रमांची सुरुवात शिस्तीने होतच नाही, खेळाने होते. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलासोबत बसायचं आणि काय खेळायचं ते मुलाने ठरवायचं, आपण शिकवायचं नाही, चूक काढायची नाही, फोन उलटा ठेवायचा. हे सगळ्यांना फालतू वाटतं आणि सगळ्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. पण मुलाला आपलं लक्ष असंच मिळायला लागलं की लक्ष वेधायला केलेला अर्धा त्रास कमी होतो. दहा बाय बाराच्या खोलीत पण होतं, भाजी निवडताना होतं, पाण्याच्या लाईनीत गोष्ट सांगत होतं.

दोन ते चार वर्षांच्या पोराचा हट्ट हा बदमाशपणा नसतो, त्याला हवंय ते सांगायला शब्द पुरत नाहीत आणि राग आवरायची अक्कल अजून यायची असते. त्याला दुकानात जायच्या आधी सांगा की आज फक्त तेल घ्यायचंय. दोन गोष्टींतून एक निवडायला द्या, निळा शर्ट की पिवळा. आदळआपट सुरू झाली तर लागेल असं काही बाजूला करा, जवळ बसा, मागतोय ते देऊ नका आणि लेक्चर पण देऊ नका, संपलं की पाणी द्या, जवळ घ्या. पहिले काही दिवस हट्ट वाढतो हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात.

थोड्या मोठ्या पोरांना चांगलं केलं की नेमकं काय चांगलं केलं ते सांगा. "शहाणा ग माझा" पेक्षा "मी सांगायच्या आधी तू ताट उचलून ठेवलंस" हे त्याच्या लक्षात राहतं. चूक झाली तर परिणाम छोटा, लगेच आणि त्याच गोष्टीशी जोडलेला असावा, भिंतीवर लिहिलं तर भिंत पुसायची, महिनाभर खेळायला बंद असलं काही नको, कारण ते तुम्हालाच पाळता येणार नाही.

वयात आलेल्या मुलामुलींशी भांडण चालू असताना बोलायचं नाही, शांत झाल्यावर बोलायचं, आणि दहावी-बारावीच्या वर्षात तर रोज एक तरी गोष्ट अभ्यास सोडून बोला.

मारत नाही पण ओरडतो, घाबरवतो, ते चालतं ना?

"पोलीस येऊन घेऊन जाईल", "सोडून जाईन तुला", "शेजारच्या मुलाकडे बघ जरा", दाराबाहेर गॅलरीत उभं करणं, चारचौघात चड्डी ओली केली म्हणून हसणं. यातलं प्रत्येक मुलाच्या आत जाऊन बसतं. पोलिसाचं तर मुद्दाम सांगते, ज्या मुलाला लहानपणापासून पोलिसाची भीती घातली ते स्टेशनवर हरवलं तर खाकी कपडे बघून लपून बसेल, मदत मागणार नाही.

तान्हं बाळ रात्रभर रडतं, मला वेड लागायची पाळी आलीय.

आधी हे ऐका: बाळाला कधीही गदागदा हलवू नका, कितीही राग आला तरी. तान्ह्या बाळाची मान डोक्याचा भार पेलत नाही, जोरात हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचं अपंगत्व येऊ शकतं, जीव पण जाऊ शकतो.

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून बाळांचं रडणं वाढत जातं, दीड-दोन महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत कमी व्हायला लागतं. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी काही बाळं रडतात, तुम्ही काही चुकीचं करताय म्हणून नाही. हात थरथरायला लागले तर बाळाला सुरक्षित जागी उताणं झोपवा आणि दोन-पाच मिनिटं दाराबाहेर जाऊन उभ्या रहा, शेजारणीला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवा. ताप असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा मलूल पडलं असेल तर लगेच डॉक्टर. आणि बाळंतपणानंतर तुम्हालाच सारखं रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, नको नको ते विचार येत असतील तर तो आजार आहे, त्याला औषध आहे, आशाताईंना सांगा किंवा १४४१६ वर फोन करा, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राग आला की डोकं फिरतं, त्या क्षणी काय करायचं?

रागाच्या आधी शरीर सांगत असतं, कोणाचा जबडा आवळतो, कोणाचे कान गरम होतात, ते ओळखायला आम्ही शिकवतो कारण त्याच्यानंतर फार वेळ नसतो. तिथून बाजूला व्हा, तोंडावर पाणी मारा, हळू श्वास सोडा, मुलाला तोंडाने सांगा की "मला राग आलाय, मी पाच मिनिटांनी बोलते". यातून मूल पण शिकतं की राग आल्यावर काय करायचं असतं. आणि हात उठलाच तर नंतर त्याच्याकडे जाऊन माफी मागा. माफी मागून आईबापाची किंमत कमी झालेली आम्ही अजून एका घरात बघितली नाही.

बाप येतात का?

कमी येतात. शनिवारी संध्याकाळी कोणी रिक्षावर असतो, कोणाची नाईट असते. म्हणून महिन्यातून एक बैठक रविवारी सकाळी ठेवतो आणि मंडळाच्या पोरांकडून निरोप पाठवतो, बायकोने सांगण्यापेक्षा मित्राने सांगितलेलं लवकर ऐकतात. आलेले बाप खूप बोलतात. त्यांच्याशी कोणी या विषयावर कधी बोललेलंच नसतं, त्यांच्याकडून फक्त पगार आणि दरारा मागितलेला असतो.

सासूबाई म्हणतात, हे कसले नवीन फॅड?

त्यांना घेऊन या. आज्यांकडे ओव्या आहेत, गोष्टी आहेत, तेल लावायची पद्धत आहे, बाळाशी बोलायची सवय आहे, आणि हे सगळं मुलाच्या वाढीला लागतंच. पालकांना शिकवणं आपल्याकडे नवीन पण नाही, ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांबरोबर पाड्यातल्या अंगणात जाऊन शाळा भरवली, आणि मुलांना मारू नका, भीती घालू नका हे त्या तेव्हापासून सांगत होत्या.

याचा खरंच उपयोग होतो का, की नुसतं बोलणं?

होतो, आणि मोजून बघितलंय लोकांनी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा नावाच्या गावात १९७०च्या दशकाच्या शेवटी गरीब, पहिलटकरीण आयांच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स जात राहिल्या, पंधरा वर्षांनी तपासलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि दुर्लक्षाच्या नोंदी बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्म्या होत्या. अमेरिकेतल्याच साउथ कॅरोलायना राज्यात १८ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, घेऊन त्यातल्या निम्म्यांमध्ये ट्रिपल पी हा पालक कार्यक्रम सगळ्यांसाठी चालवला, २००९ साली निकाल आले, तिथे छळाची सिद्ध झालेली प्रकरणं आणि मारामुळे झालेल्या दुखापती कमी दिसल्या.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपचं वाटतं, कारण तिथे पण गरिबी, आजारपण, आजी-आजोबांनी नातवंडं सांभाळणं हे सगळं आहे. ४० वस्त्या, ५५२ कुटुंबं, वयात आलेली मुलं आणि त्यांना सांभाळणारे, १४ बैठका, आणि चालवणारी माणसं तिथलीच. २०१८ ला निकाल आले, त्यात मारहाण कमी झाल्याचं मोठ्यांनी पण सांगितलं आणि मुलांनी पण सांगितलं, सांभाळणाऱ्यांचं नैराश्य कमी झालं, घरात पैशाचं नियोजन सुधारलं. दुर्लक्ष मात्र कमी झालेलं दिसलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पालक गट म्हणजे सगळ्यावर औषध असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आई दिवसभर कामावर आणि पाळणाघर नाही, तर मूल एकटं राहणारच, त्याला पाळणाघरच लागतं. आमच्या बैठकीत म्हणूनच अर्धा वेळ अंगणवाडी कुठे, रेशन कार्डावर नाव कसं चढवायचं, कोणाची पोरं कोण बघेल याच्यात जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मुलांवरची हिंसा रोखायचे सात मार्ग सांगितले, त्यात आईबापांना आधार हा एक, आणि २०२३ साली तर पालक कार्यक्रमांवर वेगळी मार्गदर्शक सूचना काढली.

लैंगिक अत्याचाराबद्दल एवढ्याशा पोरांशी कसं बोलायचं? लाज वाटते.

सगळ्यांना वाटते, म्हणूनच गटात मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस करतो. आंघोळ घालताना सुरुवात करा, शरीराच्या सगळ्या भागांची नावं, त्या भागांची पण. मग साधा नियम: चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, तुला लावायला सांगायचं नाही, फक्त स्वच्छ करायला आई, किंवा दाखवायला नेलं तर डॉक्टर, ते पण आई समोर असताना, एवढंच. तो स्पर्श वाईटच वाटेल असं नसतं, गुदगुल्या होतील, खाऊ मिळेल, म्हणून मुलाला कसं वाटलं यावर सोडू नका, नियम सांगा. कोणी "आईला सांगू नको" म्हणालं तर तेच पहिल्यांदा आईला सांगायचं.

पाहुण्यांच्या मांडीवर बस, मामाला पापी दे, अशी जबरदस्ती करू नका. नको म्हणायची सवय घरातच लागते.

आणि मुलगे पण. २००७ च्या त्याच अभ्यासात अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतला असतो, शेजारी, नातेवाईक, क्लासवाला, त्यामुळे "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको" एवढं सांगून आपलं काम झालं असं समजू नका. वस्तीत तर सार्वजनिक शौचालयाचा प्रश्न आहे, रात्री पोरांना एकटं पाठवू नका, आमच्या गल्लीत बायकांनी ठरवलंय की जी जाईल ती हाक मारून जाईल आणि पोरं तिच्यासोबत जातील.

मुलाने असं काही सांगितलं तर?

पहिलं वाक्य "मला सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही". "तू तिथे गेलीसच कशाला", "आधी का नाही बोललास" हे तोंडातून येऊ देऊ नका. सारखं खोदून विचारू नका, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दात लिहून ठेवा. नुकतंच घडलं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, हॉस्पिटलला न्या. सरकारी असो नाहीतर खासगी, उपचार फुकट द्यायचे हे त्यांच्यावर कायद्याने बंधन आहे.

२०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्या मुलामुलींसाठी आहे. माहीत असून पोलिसांना न कळवणं हा पण त्यात गुन्हा आहे, त्यामुळे घरातल्या घरात, पंचांसमोर, लग्नाचं वचन घेऊन मिटवायचं नाही. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं कोणी सोबत असतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, फोटो, शाळा कुठेही छापता येत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर सुद्धा नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

शेजारच्या खोलीतून रोज मुलाला मारल्याचा आवाज येतो. मध्ये पडू का?

पडा, पण डोकं शांत ठेवून. त्या क्षणी दार वाजवून काहीही मागा, साखर मागा, पोराला खेळायला बोलवा. नंतर ती आई एकटी असताना विचारा की खूप ओढाताण चाललीय का ग. बऱ्याच वेळा एवढ्याने ती बोलायला लागते आणि मग तिला गटात आणता येतं.

जखमा दिसत असतील, मुलाला उपाशी किंवा कोंडून ठेवलं असेल, किंवा तुम्हाला नुसती शंका असेल तरी १०९८ वर फोन करा. चोवीस तास, फुकट. ही चाइल्डलाईन १९९६ साली आपल्या मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाली, आता सरकार चालवतं. स्वतःचं नाव सांगितलं नाही तरी चालतं. जिवाला धोका असेल तर सरळ ११२.

फोन केला तर मुलाला कायमचं घेऊन जातील का?

ही भीती खूप आहे आणि या भीतीने लोक गप्प बसतात. मुलाला धोका असेल तर त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं आणि निर्णय समिती घेते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे असं बाल न्याय कायदाच सांगतो, आधी बघायचं असतं की घरातच, किंवा आजी-मावशीकडे मूल सुरक्षित राहील का. पालकांना समुपदेशन घ्यायला सांगू शकतात.

नवरा मला मारतो, पोरांना नाही. मग पोरांना काय होणार?

होतं. बघणाऱ्या, ऐकणाऱ्या पोराला पण लागतं, झोपेत दचकतात, शाळेत लक्ष लागत नाही, काही जण स्वतःच मारायला शिकतात. अशा घरात "मुलांशी शांतपणे वागा" हे सांगणं अन्याय आहे, आधी तुमची सुरक्षितता. मुंबईत पोलिसांसोबत काम करणारा महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ पासून आहे, आणि वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधून सुरू झालेलं, मार सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं दिलासा केंद्र आता महापालिकेच्या आणखी हॉस्पिटलांत पण आहे, केसपेपर काढायला गेलात तरी तिथे कोणाला संशय येत नाही. महिला हेल्पलाईन १८१.

गटात बोललेलं बाहेर जातं का?

नाही, पहिल्या बैठकीत सगळ्यांकडून शब्द घेतो. पण एक अपवाद आम्ही आधीच तोंडावर सांगतो: मुलाच्या जिवाला धोका आहे किंवा लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर आम्हाला कळवावंच लागतं. हे लपवून विश्वास मिळवायचा नाही.

आमच्या चाळीत सुरू करायचं असेल तर?

जागा अशी बघा जिथे बायका नाहीतरी जातात, बालवाडी, बुद्ध विहार, समाजमंदिर, मंडळाची खोली. वेळ ठरवायच्या आधी पाण्याची वेळ विचारा. पोरांना बाजूला खेळवायला कोणीतरी हवंच, नाहीतर आया येणार कशा. पोस्टरवर "बाल अत्याचार" लिहू नका, "पोरं वाढवताना" असं काही लिहा. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, कोणत्या घरात नवीन बाळ आलंय ते त्यांना माहीत असतं. चालवणाऱ्या ताईला नीट ट्रेनिंग द्या, आणि तिच्या मनावर जे साचतं ते बोलायला तिला पण कोणीतरी द्या. मुंबईत स्नेहा ही संस्था धारावीत बायका-मुलांवरच्या हिंसेवर काम करते, अर्पण मुलांच्या लैंगिक सुरक्षिततेवर, अशा संस्थांशी बोलून घ्या.

मराठी नीट येत नाही, चालेल का?

चालेल. आमच्याकडे अर्ध्या जणी हिंदी बोलतात, दोघी-तिघी भोजपुरी, एकमेकींना सांगून देतात.

मूल दिव्यांग आहे, बाकीच्यांसारखं ऐकत नाही.

नक्की या. या घरांवर ताण जास्त असतो आणि या मुलांवर अत्याचाराचा धोका पण जास्त असतो, कारण त्यांना सांगता येत नाही किंवा सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत. पद्धती तुमच्या मुलाप्रमाणे बदलून घेऊ.

एखादी बैठक चुकली किंवा यायला उशीर झाला तर?

लोकल लेट झाली, पाणी उशिरा आलं, सगळं समजतं. अर्ध्यातून आलात तरी बसा. पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर बैठक फोनवर घेतो. पोरांना घेऊनच या, आणि बाळ रडायला लागलं तर बाहेर जायला कोणी सांगणार नाही, ज्या आजी दाराशी बसलेल्या असतात त्या घेतात त्याला.